फ्लॅश संदेश

फ्लॅश संदेश म्हणजे वापरकर्त्याच्या एखाद्या कृतीचा परिणाम कळवण्यासाठी वेब ॲप्लिकेशनने एकदाच दाखवलेली छोटी सूचना होय. ‘अर्ज जमा झाला’, ‘पासवर्ड बदलला’, ‘फाइलचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे’ ही त्याची नेहमीची रूपे आहेत. पुढचे पान उघडताच किंवा तेच पान पुन्हा मागवताच हा संदेश नाहीसा होतो. चलच्चित्रांसाठी पूर्वी वापरात असलेल्या ॲडोबी फ्लॅश या तंत्राशी त्याचा संबंध नाही.

गरज

वेबचा आधार असलेला एचटीटीपी हा प्रोटोकॉल प्रत्येक विनंती स्वतंत्र मानतो. आधी काय घडले याची स्मृती त्याला नसते. पाठवलेल्या अर्जाला उत्तर म्हणून सर्व्हरने लगेच यशाचे पान दाखवले आणि वापरकर्त्याने ते रिफ्रेश केले, तर तोच अर्ज पुन्हा पाठवला जाऊ शकतो. त्यातून दुबार नोंद किंवा दुबार भरणा संभवतो. हे टाळण्यासाठी सर्व्हर नोंद करून घेतो आणि ब्राउझरला दुसऱ्या पत्त्याकडे वळवतो. या पद्धतीस ‘पोस्ट–रीडायरेक्ट–गेट’ म्हणतात. मात्र वळवल्यानंतरची विनंती नवी असल्याने, आधीच्या कृतीचा निकाल सांगणारा मजकूर दोन विनंत्यांच्या दरम्यान कुठेतरी राखून ठेवावा लागतो. फ्लॅश संदेश ही त्यासाठीची सोय आहे.

कार्यपद्धती

१. सर्व्हर कृती पूर्ण करतो आणि संदेशाचा मजकूर व प्रकार (यश, इशारा, चूक) वापरकर्त्याच्या सेशनमध्ये किंवा कुकीमध्ये साठवतो.
२. ब्राउझर नव्या पत्त्यावर जातो व नवे पान मागवतो.
३. पान तयार होताना साठवलेला संदेश त्यात घातला जातो.
४. संदेश साठ्यातून काढून टाकला जातो. त्यामुळे तो पुन्हा दिसत नाही.

ब्राउझरमध्ये अल्प माहिती साठवणारी कुकी इ.स. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी विकसित केली. रुबी ऑन रेल्स, जँगो, फ्लास्क आणि लाराव्हेल या प्रचलित वेब चौकटींमध्ये फ्लॅश संदेशाची सोय तयार मिळते. तिचे नियम मात्र सारखे नाहीत. रेल्समध्ये संदेश पुढील एका विनंतीपुरताच टिकतो, मग तो दाखवला गेलेला असो वा नसो. जँगोमध्ये तो पानाने वाचून घेईपर्यंत शिल्लक राहतो.

मर्यादा

सर्व्हरने पान पाठवले एवढ्यावरून ते वाचले गेले असे सिद्ध होत नाही. पान पोहोचण्याआधी संपर्क तुटला, तर संदेश साठ्यातून गेलेला असतो आणि वापरकर्त्याला दिसलेलाही नसतो. एकाच वेळी दोन टॅब उघडे असल्यास एका टॅबमधील कृतीचा संदेश दुसऱ्यात उमटू शकतो. संदेशात वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा दाखवल्यास त्यातून घातक संगणकीय संहिता चालवली जाण्याचा धोका असतो. म्हणून असा मजकूर आधी निर्धोक करून घ्यावा लागतो.

सुगम्यता

काही सेकंदांत आपोआप मिटणारे संदेश सावकाश वाचणाऱ्यांना पुरेसे पडत नाहीत. केवळ हिरव्या-तांबड्या रंगाने यश किंवा चूक दर्शवल्यास रंगांधळ्या व्यक्तींना फरक कळत नाही. वेब सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या २.१ या आवृत्तीत (इ.स. २०१८) स्थितिदर्शक संदेशांसाठी स्वतंत्र निकष आहे. त्यानुसार असे संदेश, वापरकर्ता पानावर जेथे काम करत असेल तेथून न हलवता, स्क्रीन रीडरला वाचून दाखवता आले पाहिजेत.

फ्लॅश संदेश आणि पोच

एकदाच कळवणे आणि कायमची नोंद देणे यांतील भेद वेबपेक्षा जुना आहे. गावात कोतवालाने दिलेली दवंडी ज्याच्या कानी पडली त्यालाच कळे. याउलट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद करताना तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते आणि हितसंबंधितांना लेखी कळवावे लागते. फ्लॅश संदेशाचे स्वरूप दवंडीचे आहे, नोटिशीचे नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अर्जदाराला पोच देणे आवश्यक आहे. अर्ज मिळाल्याचा दिनांक व ठिकाण, विशिष्ट अर्ज क्रमांक आणि सेवेची कालमर्यादा तीत नमूद असावी लागते. ही मर्यादा उलटल्यास अर्जदाराला अपील करता येते; म्हणून पोचेवरील दिनांक महत्त्वाचा ठरतो.

अकोला जिल्ह्यातील अकोटसारख्या तालुक्याच्या ठिकाणी उत्पन्नाच्या किंवा अधिवासाच्या दाखल्यासाठी अनेक जण ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात जाऊन चालकाकडून अर्ज भरून घेतात. अशा वेळी ‘अर्ज जमा झाला’ हा संदेश केंद्रचालकाच्या पडद्यावर उमटतो, खेड्यातून आलेल्या अर्जदाराच्या हाती काही राहत नाही. त्याच्यासाठी छापील पावती, मोबाइलवरील लघुसंदेश आणि क्रमांकावरून अर्जाची स्थिती पाहण्याची सोय हाच आधार असतो. त्यामुळे प्रवेश, भरणा, शिष्यवृत्ती किंवा शासकीय सेवा यांसंबंधीच्या ॲप्लिकेशनमध्ये फ्लॅश संदेश तात्काळ दिलासा देण्यापुरता वापरला जावा. पुढे पुरावा म्हणून लागणारी माहिती पुन्हा पाहता येईल अशा ठिकाणीही असणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

कुकी
एचटीटीपी
वेब सुगम्यता
महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम
दवंडी