नियुक्त शालेय अधिकारी (डीएसओ)

अमेरिकेतील शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारा, त्यांना व्हिसाविषयक नियम समजावून सांगणारा आणि संस्थेच्या वतीने सरकारला उत्तर देणारा कर्मचारी. मूळ संज्ञा ‘डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल’ अशी असून व्यवहारात ‘डीएसओ’ हे संक्षिप्त रूपच रूढ आहे. पगार संस्थेचा आणि नियम सरकारचे, असे हे पद आहे. शैक्षणिक अभ्यासक्रमांचे (एफ-१) आणि व्यवसायप्रशिक्षणाचे (एम-१) विद्यार्थी डीएसओच्या कक्षेत येतात. देवाणघेवाण योजनेतून येणाऱ्या जे-१ व्हिसाधारकांसाठी परराष्ट्र खात्याच्या देखरेखीखाली वेगळे अधिकारी असतात.

इतिहास

परदेशी विद्यार्थ्याची खबर शाळेने सरकारला द्यावी, ही कल्पना १९२४ च्या स्थलांतर कायद्यात आढळते. विद्यार्थ्यांना देशवार कोट्याच्या बाहेर ठेवून प्रवेश देताना त्या कायद्याने दोन अटी घातल्या : शाळेला श्रमखात्याच्या सचिवाची मान्यता हवी आणि विद्यार्थ्याने शाळा सोडली तर ते कळवण्याचे शाळेने कबूल करायला हवे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले, तेव्हा ही तरतूद नव्हती. आजचा ‘एफ’ वर्ग १९५२ च्या कायद्याने आला.

पुढची अनेक दशके हा कारभार कागदावर चालला आणि विस्कळीतच राहिला. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्यातील एक गुन्हेगार विद्यार्थी व्हिसावर आला होता. १९९६ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर गोळा करण्याचा आदेश दिला, पण काम प्रायोगिक टप्प्याच्या फारसे पुढे गेले नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ढिलाईला वाव उरला नाही. हल्ल्यातील दोन मृत अपहरणकर्त्यांना विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याची सूचना मार्च २००२ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी, फ्लोरिडातील वैमानिक प्रशिक्षण शाळेत येऊन पडली. कागदी व्यवस्थेची अवस्था त्यातून उघड झाली. ‘सेव्हिस’ ही संगणकीय नोंदप्रणाली २००३ मध्ये सक्तीची झाली आणि डीएसओच्या कामाला आजचे रूप आले.

यंत्रणा आणि मान्यता

गृहसुरक्षा खात्याच्या ‘आयसीई’ या विभागातील ‘एसईव्हीपी’ हा कार्यक्रम शाळांना मान्यता देतो आणि सेव्हिस चालवतो. परदेशी विद्यार्थी घेऊ इच्छिणारी संस्था आय-१७ हा अर्ज करते. २०१९ पासून त्याचे शुल्क ३,००० डॉलर असून प्रत्यक्ष पाहणीचे ६५५ डॉलर वेगळे पडतात. संस्था खरोखर चालते का, वर्ग, शिक्षक व पैसा पुरेसा आहे का, हे तपासले जाते. दर दोन वर्षांनी मान्यतेचे नूतनीकरण करावे लागते.

प्रत्येक परिसरासाठी एक मुख्य डीएसओ (पीडीएसओ) असतो. त्याच्या जोडीला इतर डीएसओ नेमता येतात. पूर्वीची दहा जणांची मर्यादा २०१५ मध्ये उठली. डीएसओ अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा कायदेशीर रहिवासी असावा लागतो.

सरकारी शाळांवर वेगळे निर्बंध आहेत. एफ-१ वर सरकारी प्राथमिक शाळेत शिकता येत नाही. नववी ते बारावीच्या सरकारी शाळेत एकूण बारा महिनेच राहता येते आणि त्या शिक्षणाचा पूर्ण, अनुदानाविना येणारा खर्च भरावा लागतो. खासगी शाळांना ही मुदत नाही.

कर्तव्ये

मराठी घरांत ‘आय-ट्वेंटी आला का?’ या प्रश्नात ज्याची वाट पाहिली जाते, तो आय-२० दाखला डीएसओच देतो. त्याआधी प्रवेश पक्का आहे आणि खर्चाची सोय आहे, याची खात्री करून घेतली जाते. या दाखल्याच्या आधारे विद्यार्थी ३५० डॉलर सेव्हिस शुल्क भरतो आणि व्हिसासाठी मुलाखत देतो.

विद्यार्थी पोहोचल्यावर कामाला मुदती लागतात. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांत सेव्हिसमध्ये त्याची नोंदणी करावी लागते. विद्यार्थ्याने पत्ता बदलला तर त्याने १० दिवसांत कळवायचे आणि डीएसओने २१ दिवसांत नोंद सुधारायची. शिक्षण सोडणे, लवकर संपवणे, विषय बदलणे, दुसऱ्या संस्थेत जाणे या प्रत्येक गोष्टीची नोंद होते. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकणे थांबवल्यानंतरही त्याची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात.

पूर्णवेळ अभ्यास हा सर्वांत नाजूक नियम आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यायला हवेत आणि त्यात ऑनलाइन वर्ग साधारण एकच, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. आजारी विद्यार्थ्याला कमी विषय घेता येतात. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला आणि डीएसओची आधी मिळालेली परवानगी लागते. आजारपणाची ही सवलत एका शिक्षणस्तरावर एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळते. दोन विद्यार्थी एकाच आजाराने एकच विषय सोडतात. एक आधी डीएसओकडे जातो, दुसरा नंतर. पहिल्याचा दर्जा शाबूत राहतो, दुसऱ्याचा धोक्यात येतो. डीएसओच्या कामाचे मोल या एका उदाहरणावरून कळते.

नोकरीचे नियमही त्याच्याच हातून जातात. सत्र चालू असताना परिसरातले काम आठवड्याला २० तासांपर्यंत करता येते. शिक्षणानंतरचे ‘ओपीटी’ हे बारा महिन्यांचे प्रशिक्षण आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ यांची शिफारस डीएसओ करतो. मंजुरी मात्र नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभाग देतो. दर्जा गेल्यावर तो परत मिळवण्याचा अर्जही त्याच विभागाकडे जातो. डीएसओ वकील नसतो. अवघड प्रकरणात विद्यार्थ्याला वेळीच स्थलांतर-वकिलाकडे पाठवणे, हेही चांगल्या डीएसओचे लक्षण आहे.

शाळांना मिळणारे साहाय्य

नियम विस्तृत आहेत आणि बदलतही राहतात. लहान शाळेत एकच व्यक्ती प्रवेश, वसतिगृह आणि सेव्हिस असे सारे सांभाळते. अशा वेळी चूक हेतूने कमी आणि एकटेपणाने जास्त होते, हे ओळखून साहाय्याच्या काही वाटा तयार झाल्या. एसईव्हीपीने २०१४ पासून विभागवार क्षेत्रप्रतिनिधी नेमले. ते शाळांना भेटी देतात, शंकांची उत्तरे देतात आणि नूतनीकरणात मार्गदर्शन करतात. १९४८ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारांची संघटना म्हणून सुरू झालेली ‘नाफ्सा’ प्रशिक्षण देते आणि नियमांची पुस्तिका काढते. मोठी विद्यापीठे आपली संगणकप्रणाली सेव्हिसला जोडून नोंदी एकगठ्ठा पाठवतात.

तरीही खरे काम संस्थेच्या आतच होते. विषय काढून टाकणाऱ्या विद्यार्थ्याची खबर रजिस्ट्रारच्या कार्यालयाने त्याच दिवशी डीएसओला द्यावी, किमान दोन जणांना सेव्हिसचे काम यावे, प्रत्येक परवानगीचे कारण लिहून ठेवावे आणि सरकारी पाहणीची वाट न पाहता वर्षातून एकदा नोंदी स्वतः तपासाव्यात, या साध्या सवयी सर्वांत उपयोगी ठरतात.

नियमभंगाचे परिणाम

कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला. तेथील बहुतेक विद्यार्थी भारतीय, विशेषतः आंध्र प्रदेशातील होते. अनेकांचा पत्ता म्हणून सनीव्हेल गावातील एकाच सदनिकेची नोंद होती. संस्थापिकेला २०१४ मध्ये १६ वर्षांहून अधिक कैद झाली. पण त्याआधीच शेकडो विद्यार्थ्यांचा दर्जा गेला आणि काहींच्या पायांत रेडिओ पट्टे अडकवण्यात आले; भारत सरकारने त्याचा निषेध केला. संस्थेच्या नोंदी खोट्या असल्या की शिक्षा विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते, हे या प्रकरणाने दाखवले.

उलट बाजूही आहे. २०२५ च्या वसंतात सरकारनेच हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या. अनेक ठिकाणी डीएसओंना ते प्रणालीत शोधल्यावरच कळले. देशभर दावे दाखल झाले आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारने नोंदी पूर्ववत करायला सुरुवात केली. रोज नोंदी पाहणाऱ्या कार्यालयांमुळे अनेक विद्यार्थ्यांना हे वेळेत कळले.

महत्त्व

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिले स्थान घेतले. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांमध्ये शैक्षणिक कर्ज काढून, घर तारण ठेवून जाणारे पुष्कळ असतात. त्यांच्या दृष्टीने सेव्हिसमधील एक तारीख चुकणे ही कारकुनी चूक राहत नाही. म्हणून विद्यापीठ निवडताना क्रमवारी आणि शुल्क यांच्याबरोबरच तेथील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय उत्तरे किती लवकर आणि किती स्पष्ट देते, हेही पाहावे. नियम नीट पाळणारी शाळा सरकारची मर्जी राखते, हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दूर देशातून आपल्या भरवशावर आलेल्या मुलाला दिलेला शब्द ती पाळत असते.