दंतरोपणपूर्व शस्त्रक्रियेसाठी परदेशप्रवास

दंतरोपण करण्याआधी जबड्याचे हाड वाढवण्यासाठी अथवा दुरुस्त करण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना रोपणपूर्व शस्त्रक्रिया म्हणतात. स्वदेशातील खर्च परवडत नसल्यामुळे किंवा विम्यात त्याचा समावेश नसल्यामुळे अनेक रुग्ण या शस्त्रक्रिया परदेशी जाऊन करून घेतात. दंतपर्यटनाचा हा एक महत्त्वाचा, पण तुलनेने जोखमीचा प्रकार आहे. हंगेरी, मेक्सिको, तुर्कस्तान, थायलंड, कोस्टा रिका व भारत हे देश त्यासाठी ओळखले जातात. दाताला टोपी बसवणे एका फेरीत उरकता येते; हाड भरून येण्यास मात्र काही महिने लागतात. या प्रवासातील बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात.

शस्त्रक्रियेची गरज

दात काढल्यावर त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते आणि उंचीपेक्षा रुंदी अधिक कमी होते. वरच्या जबड्यात दाढांच्या मुळांवर सायनसची पोकळी असते. दाढा गेल्यानंतर ही पोकळी खालच्या बाजूस पसरते आणि हाड वरून व खालून असे दोन्हीकडून घटते. त्यामुळे अनेक वर्षे कवळी वापरलेल्या व्यक्तीच्या जबड्यात रोपणास पुरेसे हाड बहुधा उरलेले नसते.

टायटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले. त्यांच्या मूळ पद्धतीत रोपणावर दात बसवण्यापूर्वी खालच्या जबड्यात सुमारे ३ आणि वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने थांबावे लागे. या एकजीव होण्यासाठी रोपणाभोवती पुरेसे हाड असावे लागते; ते नसेल तर आधी तयार करावे लागते.

त्यासाठी हनुवटी, खालच्या जबड्याचा मागील भाग किंवा कमरेचे हाड येथून रुग्णाचेच हाड घेतात. मानवी दात्याचे, प्राण्याचे (बहुधा गाईचे) प्रक्रिया केलेले अथवा कृत्रिम अस्थिद्रव्यही वापरतात. वरच्या जबड्यातील ‘सायनस लिफ्ट’ या शस्त्रक्रियेत पोकळीचे नाजूक अस्तर हलकेच वर उचलून त्याखाली अस्थिद्रव्य भरले जाते. ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. मूळचे हाड ४ ते ५ मिलिमीटर शिल्लक असेल तर त्याच वेळी रोपणही करता येते. त्याहून कमी असल्यास सहसा वाट पाहावी लागते.

कालावधी

मोठ्या अस्थिरोपणानंतर साधारणपणे ४ ते ९ महिने आणि त्यानंतर दंतरोपण एकजीव होण्यास आणखी ३ ते ६ महिने जातात. म्हणजे परदेशात उपचार घेणाऱ्याला किमान दोन, बऱ्याचदा तीन फेऱ्या कराव्या लागतात. विमानभाडे, निवास, सोबतीच्या माणसाचा खर्च आणि बुडालेली रजा धरल्यावर जाहिरातीतील बचत पुष्कळच आक्रसते.

‘एका आठवड्यात नवे दात’ ही घोषणा सर्वस्वी खोटी नसते. लिस्बनचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी प्रचारात आणलेल्या ‘ऑल-ऑन-फोर’ पद्धतीत मागची दोन रोपणे तिरकी बसवून सायनस टाळला जातो व त्यावर लगेच तात्पुरते दात बसवता येतात. गालाच्या हाडात बसवायच्या लांब रोपणांनीही अस्थिरोपण टाळता येते, परंतु त्यास विशेष कौशल्य लागते. कोणता मार्ग घ्यायचा हे जबड्यावरून ठरले पाहिजे, परतीच्या तिकिटावरून नव्हे.

प्रवासातील धोके

सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर विमानातील हवेच्या दाबातील बदलामुळे दुखणे, रक्तस्राव किंवा अस्तरास इजा संभवते. म्हणून लगेच विमानप्रवास टाळण्याचा सल्ला दिला जातो. किती दिवस थांबावे हे शस्त्रक्रियेच्या स्वरूपावर अवलंबून असते. या काळात नाक जोराने शिंकरू नये आणि शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे असे सांगतात. खालच्या जबड्यातील नसेला धक्का लागल्यास ओठ व हनुवटी बधिर होते. असा बधिरपणा लवकर ओळखून उपचार करावे लागतात आणि रुग्ण तोवर मायदेशी परतला तर नेमका तोच वेळ हातचा जातो.

दुसरी अडचण आधीच्या अंदाजाची. दुरून पाठवलेल्या साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी कोन बीम सीटी तपासणी लागते. ती तेथे पोहोचल्यावर झाली, तर ठरलेली योजना आणि खर्च दोन्ही बदलतात. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि हाडांच्या ठिसूळपणावरील बिस्फॉस्फोनेट औषधे यांची माहिती आधी देणे आवश्यक असते. या औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो.

प्रमुख ठिकाणे

मेक्सिकोतील लॉस आल्गोदोनेस हे अमेरिकेच्या सीमेला लागून असलेले छोटे गाव दंतवैद्यांच्या दाटीमुळे ‘मोलर सिटी’ म्हणजे ‘दाढांचे शहर’ म्हणून प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील ज्येष्ठांच्या मूळ मेडिकेअर योजनेत दातांचे बहुतेक उपचार येत नाहीत. पायी सीमा ओलांडून पुन्हा तपासणीस जाता येणे ही या गावाची मोठी सोय. हंगेरीतील शोप्रोन व मोशोनमॉज्यारोवार या गावांना ऑस्ट्रियाच्या सान्निध्याचा असाच लाभ झाला. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशातील उपचारांचा खर्च परत मिळू शकतो, पण मायदेशी ज्या उपचाराला लाभ मिळतो त्यालाच. दंतरोपण अनेक ठिकाणी त्यात बसत नाही.

भारतात परदेशी नागरिकांसाठी वैद्यकीय व्हिसाची सोय आहे. मुख व जबडा शल्यचिकित्सा हा येथे एमडीएस पदवीचा स्वतंत्र विषय असून दंतवैद्याची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे तपासता येते. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील अनेक जण सुट्टीत मुंबई-पुण्यास आले की दातांची कामे उरकून घेतात. तीन आठवड्यांच्या मुक्कामात हाड भरणे, रोपण व पक्के दात हे सारे बसत नाही. मात्र एका वर्षी दात काढून अस्थिरोपण, पुढच्या वर्षी दंतरोपण आणि त्यानंतरच्या फेरीत दात, असा क्रम हाडाच्या गतीशी चांगला जुळतो.

नोंदी

निरनिराळ्या कंपन्यांच्या रोपणांचे स्क्रू व अवजारे परस्परांना चालतातच असे नाही. त्यामुळे रोपणाची कंपनी, प्रकार, लांबी, व्यास व लॉट क्रमांक, वापरलेले अस्थिद्रव्य, शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची चित्रे हे सर्व रुग्णाने सोबत आणावे लागते. या नोंदी नसतील तर सैल झालेला एक स्क्रू घट्ट करणेही मायदेशातील दंतवैद्याला अवघड जाते. गुंतागुंत झाल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू होईल आणि दुरुस्तीचा खर्च कोण करील, हे निघण्यापूर्वीच लेखी घेतलेले असावे.