क्रॅनिओसिनोस्टोसिस : कवटीच्या शिवणी अकाली जुळणे

तान्ह्या बाळाच्या कवटीतील एक किंवा अधिक शिवणी वेळेआधी बुजून शेजारची हाडे एकजीव होण्याचा विकार. साधारण 2,000 ते 2,500 जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. त्याची सुरुवात बहुधा आईच्या पोटातच झालेली असते, पण डोक्याचा वेगळा आकार जन्मानंतर महिन्यामहिन्याने ठळक होत जातो. डोके लांबट होते, एका बाजूने चपटे दिसते, कपाळ मधोमध टोकदार होते, किंवा माथा उंच चढतो. घरात बाळाकडे पाहणाऱ्यांच्या ते लक्षात येते, पण त्याचा अर्थ लागत नाही, आणि त्यात महिने निघून जातात. या विकारात हे महिनेच मोलाचे असतात.

कवटी आणि तिच्या शिवणी : जन्मतः कवटी अखंड नसते. कपाळाची दोन हाडे, माथ्याची दोन, मागचे एक आणि कानशिलांची दोन अशी हाडे तंतुमय पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. या पट्ट्या म्हणजेच शिवणी. कपाळाच्या दोन हाडांमधली मेटॉपिक, माथ्याच्या मध्यावरून पुढून मागे जाणारी सॅजायटल, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारी कोरोनल आणि मागची लॅम्डॉइड ही नावे डॉक्टरांच्या कागदांवर दिसतात. पुढच्या शिवणी जिथे भेटतात ती मऊ जागा म्हणजे टाळू. ती साधारण 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान भरते. मेटॉपिक शिवण पहिल्या वर्षातच बुजते आणि ते स्वाभाविक आहे. बाकीच्या मात्र मोठेपणापर्यंत पूर्ण बुजत नाहीत.

आपल्याकडे या शिवणींची ओळख जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात डोक्यावरच्या पाच सांध्यांना ‘सीमंत’ म्हटले असून त्यांची गणना मर्मांत केली आहे. त्याच ग्रंथात सांध्यांचे आठ प्रकार सांगताना कवटीच्या सांध्याला ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवलेल्या कापडासारखा सांधा, असे नाव दिले आहे. मराठीत सीमंत म्हणजे केसांचा भांग. मधला भांग पाडला की तो जवळपास सॅजायटल शिवणीवरच येतो. आईला ही शिवण कुठे असते हे सांगायला याहून सोपी खूण नाही.

शिवणी उघड्या राहण्याचे कारण मेंदूची वाढ. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर सुमारे 34 ते 35 सेंटिमीटर असतो, वर्षाच्या बाळात तो सुमारे 46 होतो. यातली जवळजवळ निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. मेंदू आतून रेटतो, शिवणीच्या दोन्ही काठांवर नवे हाड तयार होत जाते आणि कवटी मोठी होते. एक शिवण बंद झाली तर तिथली वाढ थांबते, मेंदूची थांबत नाही. मग उरलेल्या शिवणींच्या बाजूंनी कवटी अधिक वाढते. बंद शिवणीला काटकोनात वाढ खुंटते आणि तिच्या दिशेने जास्त होते, हा नियम जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी 1851 मध्ये मांडला. नियमाला अपवाद आढळले आहेत, तरी डोक्याच्या आकारावरून कोणती शिवण बुजली असावी हे ओळखताना डॉक्टर आजही तोच मनात धरतात.

प्रकार : सर्वांत जास्त, सुमारे निम्म्या बाळांत, सॅजायटल शिवण बुजलेली असते. डोके नावेसारखे लांब आणि अरुंद होते, मागचा भाग बाहेर येतो, आणि भांगाच्या जागी बोटाला हाडाचा कंगोरा लागतो. हा प्रकार मुलग्यांत अधिक. इथे दोन गोष्टींनी फसगत होते. एक, टाळू बऱ्याचदा उघडी असते, त्यामुळे ‘टाळू अजून भरली नाही, म्हणजे सगळे ठीक’ असे वाटते. दुसरी, डोक्याचा घेर बरोबर किंवा थोडा जास्तच भरतो, म्हणून नुसत्या टेपने ही बाळे सापडत नाहीत.

एका बाजूची कोरोनल शिवण बुजली तर त्या बाजूचे कपाळ मागे जाते, डोळ्याची खोबण वर ओढली जाते आणि नाक किंचित तिरके दिसते. हा प्रकार मुलींत अधिक. दोन्ही बाजूंच्या कोरोनल बुजल्या तर डोके आखूड, रुंद आणि उंच होते. मेटॉपिक फारच लवकर बुजली की कपाळ वरून पाहता त्रिकोणी दिसते आणि डोळे जवळ आल्यासारखे वाटतात. कपाळावर नुसता कंगोरा असेल आणि आकार त्रिकोणी नसेल, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. लॅम्डॉइडचा प्रकार विरळा.

बहुसंख्य बाळांत हा विकार एकटाच असतो. काहींत मात्र तो मोठ्या जनुकीय विकाराचा भाग असतो. फ्रान्समधील यूजीन आपेर यांनी 1906 मध्ये आणि ओक्ताव्ह क्रूझों यांनी 1912 मध्ये असे विकार नोंदवले. ते त्यांच्याच नावांनी ओळखले जातात. आपेर विकारात हातापायांची बोटेही जुळलेली असतात, क्रूझों विकारात डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. दोन्हींमागे प्रामुख्याने एफजीएफआर-2 या जनुकातला बदल असतो. तो बऱ्याचदा आईवडिलांत नसतो, बाळात नव्यानेच घडलेला असतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, भाजी चिरली, सुई-दोरा हातात घेतला, यांपैकी कशानेही कवटीची शिवण बुजत नाही. नात्यातले लग्न हेही याचे नेहमीचे कारण नाही. माहीत असलेल्या कारणांत जनुकीय बदल आहेत. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणी घेणे आणि आईचा थायरॉइडचा आजार यांचाही संबंध आढळला आहे. अनेकदा नेमके कारण सापडतच नाही. बाळंतिणीच्या खाटेशी बसून तिला दोष देणाऱ्यांना यातले एकही कारण आधार देत नाही.

चपटे डोके आणि हा विकार : डोक्याचा आकार बिघडलेल्या बाळांपैकी बहुतेकांना हा विकार नसतोच, हेही तितकेच खरे. नैसर्गिक बाळंतपणात कवटीची हाडे एकमेकांवर सरकून डोके लांबट होते. ते काही दिवसांत, फार तर आठवड्यांत, पूर्ववत होते. नेहमी एकाच कुशीवर किंवा एकाच बाजूला मान करून झोपणाऱ्या बाळाचे डोके त्या बाजूने चपटे होते. अमेरिकेत 1992 पासून बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू टाळण्यासाठी त्यांना उताणे निजवण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. तो योग्यच होता, आणि त्याने जीव वाचले. पण चपट्या डोक्यांची संख्याही वाढली. बाळ जागे असताना, कोणी जवळ बसलेले असताना, थोडा वेळ पालथे ठेवणे आणि खेळणे आलटून पालटून दोन्ही बाजूंना धरणे यावर बहुधा पुरते.

दोन्हींतला फरक वरून पाहिल्यावर कळतो. झोपण्याने चपट्या झालेल्या डोक्यात चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो आणि त्या बाजूचे कपाळही पुढे येते. शिवण बुजली असेल तर असे नसते, आणि शिवणीवर कंगोरा लागतो. सर्वांत विश्वसनीय खूण काळाची. झोपण्याने आलेला चपटेपणा बाळ बसू लागले की निवळत जातो, शिवण बुजल्याने आलेला आकार वाढतच जातो.

मालिशवाल्या बाईच्या हाताला महाराष्ट्रात मोठा मान आहे. न्हाऊ घालताना डोक्याला तळव्याने गोल आकार द्यायचा, मोहरीच्या उशीवर निजवायचे, टाळूवर तेल थापायचे, हे घरोघर चालते. हलक्या हाताच्या मालिशने बाळाला सुख वाटते, पण बुजलेली शिवण दाबून उघडत नाही आणि उघडी शिवण दाबून बुजत नाही. खरा तोटा वेळेचा होतो. ‘महिनाभर दाबू, मग बघू’ म्हणता म्हणता चार महिने उलटतात. मात्र त्या बाईच्या बोटांना कवटी माहीत असते. तिला भांगाच्या जागी कंगोरा लागला आणि तिने तो आईला सांगितला, तर तिच्याइतक्या लवकर दुसरे कोणी ही गोष्ट ओळखू शकणार नाही.

कोपर परिसरात : दिवा आणि डोंबिवली यांच्यामधल्या कोपर स्थानकाभोवतीची वस्ती कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येते. तिथल्या बाळाचे पहिले वर्ष डोक्याच्या तपासणीसाठी सोयीचे ठरू शकते, कारण सरकारी वेळापत्रकाप्रमाणे लसीसाठी त्याला 6, 10 आणि 14 आठवड्यांना न्यावेच लागते, आणि आशा कार्यकर्तीही घरी येते. या तिन्ही भेटी उपचारांच्या दृष्टीने नेमक्या वेळी येतात. वजनकाट्यावर बाळ असतानाच डोके वरून पाहायचे, बोट भांगावरून मागे न्यायचे, घेर मोजून मागच्या मापाशी ताडायचा, याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

बालकांच्या तपासणीसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्याच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडी पावले, जन्मजात हृदयविकार असे नऊ जन्मजात दोष आहेत. कवटीच्या शिवणींचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. तो व्हायला हवा. तपासणारी माणसे आणि भेटी आधीच आहेत, बोट कुठे फिरवायचे एवढेच शिकवायचे आहे.

पहिली पायरी बालरोगतज्ज्ञांची. डोंबिवली पश्चिमेचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज ही सार्वजनिक रुग्णालये जवळची आहेत. शस्त्रक्रियेसाठी मेंदूशल्यविशारद, प्लास्टिक सर्जन आणि लहान मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले डॉक्टर एकत्र लागतात, म्हणून कुटुंबाला बहुधा मुंबई गाठावी लागते. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम आणि लहान मुलांसाठीचे वाडिया ही तिन्ही मध्य रेल्वेच्या मार्गावर आहेत; कोपरहून धीम्या गाडीने न बदलता जाता येते. बाळाला घेऊन गर्दीच्या वेळी चढणे जिवावरचे असते, त्यामुळे दुपारची वेळ मागून घेण्यात संकोच करू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खर्च मिळेल का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारावे.

निदान : अनुभवी डॉक्टर बहुतेक वेळा डोळ्यांनी आणि बोटांनीच निदान करतात. खात्रीसाठी आणि शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी त्रिमितीय सीटी स्कॅन काढतात. किरणांचा विचार करून तो उगाच लवकर किंवा वारंवार काढू नये; अगदी लहान बाळात सोनोग्राफीनेही शिवण दिसू शकते. डोक्यात दाब वाढला आहे का हे पाहण्यासाठी नेत्रतज्ज्ञ डोळ्याचा पडदा तपासतात. एकच शिवण बुजलेल्या बाळांतही काहींत हा दाब वाढतो. अनेक शिवणी बुजल्या असतील तर धोका कितीतरी जास्त. दाब तसाच राहिला तर नजर जाऊ शकते.

डोके लहान पण आकार नीट असेल, तर प्रश्न बहुधा शिवणींचा नसून मेंदूच वाढत नसल्याचा असतो. हा भेद न कळल्याने इतिहासात मोठी हानी झाली. पॅरिसचे लानलोंग यांनी 1890 मध्ये आणि सॅन फ्रान्सिस्कोचे लेन यांनी 1892 मध्ये कवटी कापून मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया नोंदवल्या. पुढे मेंदूच लहान असलेल्या मुलांवरही त्या सर्रास होऊ लागल्या. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जेकोबी यांनी 1894 मध्ये 33 मुलांपैकी 15 दगावल्याचे सांगून या प्रकाराचा कडाडून निषेध केला. त्यानंतर ही शस्त्रक्रिया कित्येक वर्षे मागे पडली, आणि ज्यांना तिची खरी गरज होती ती बाळेही तिला मुकली. चेहरा आणि कवटी एकत्र दुरुस्त करण्याची आजची शाखा फ्रान्सच्या पॉल तेसिए यांच्या 1960 च्या दशकातल्या कामातून उभी राहिली.

उपचार : औषधाने शिवण उघडत नाही. बाळ तीन-चार महिन्यांचे असताना निदान झाले, तर दुर्बिणीच्या साहाय्याने छोट्या छेदांतून बुजलेली शिवण काढता येते. अमेरिकेतील हिमेनेझ आणि बॅरोन यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. रक्त कमी जाते, बाळ लवकर घरी येते. पण पुढे कित्येक महिने दिवसातले जवळजवळ सगळे तास मापाचे हेल्मेट घालावे लागते. आपल्या दमट हवेत त्याखाली घाम आणि पुरळ येते, हेल्मेट रोज पुसावे लागते आणि वाढत्या डोक्याप्रमाणे मापही बदलावे लागते. हे जमणार नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

सहा महिन्यांनंतर, बहुधा वर्षाच्या आत, मोठी शस्त्रक्रिया करतात. कानापासून कानापर्यंत नागमोडी छेद घेऊन हाडे सुटी करतात, त्यांना नवा आकार देतात आणि शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्यांनी पुन्हा बसवतात. सहा किलोच्या बाळात एकूण रक्त अर्ध्या लिटरच्या आतच असते, म्हणून रक्ताची सोय आधी करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस डोळे सुजून मिटतात. हे आधी सांगितलेले नसेल तर आईचा धीर सुटतो. छेद नागमोडी घेण्याचे कारण असे की केस वाढल्यावर व्रण त्यांत लपतो. जावळ काढायचे राहिले असेल तर शस्त्रक्रियेआधी ते करून घ्यावे का, असे घरचे विचारतात. त्याला वैद्यकीय हरकत नसते, कातडीला जखम होऊ देऊ नये एवढेच.

एकच शिवण बुजलेल्या बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच असते. काहींना बोलायला किंवा शाळेत शिकायला थोडी अडचण येते, म्हणून डोक्याच्या मापाबरोबर बोलण्याची आणि नजरेची तपासणीही शाळेत जाईपर्यंत चालू ठेवतात. अनेक शिवणी बुजलेल्या किंवा आपेर-क्रूझों विकार असलेल्या मुलांना वाढीच्या वयात दोन-तीन शस्त्रक्रिया लागू शकतात. त्यांत चेहऱ्याचा मधला भाग पुढे आणण्याची शस्त्रक्रियाही असते, आणि श्वास, दात, ऐकू येणे यांवरही लक्ष ठेवावे लागते.