फोन हरवला तरी दुकानाचा हिशेब वाचवा
परभणीच्या मोंढ्यातली अडत असो की जिंतूरचं कृषी सेवा केंद्र; उधारीची यादी, बिलांचे फोटो, जीमेल सगळं एकाच फोनमध्ये! तो हरवला की ओटीपीही अडकतो. म्हणून आजच दोन कामं करा.

१. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. तिथले १० बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवा. दुसऱ्या फोनवर लॉगिन करताना ते कामी येतात. एक कोड एकदाच चालतो.

२. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून मोफत जागा १५ जीबीच. ती भरली तर ग्राहकाचा मेल येणंही थांबू शकतं. नको ते व्हिडिओ काढा, हिशेबाची कॉपी दर महिन्याला पेनड्राइव्हवर घ्या.

आणि फोन हरवलाच, तर आधी सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घ्या.