अविनाश अरुण : कॅमेऱ्यामागचा मराठी माणूस आणि आपल्या फोनचा ऑटो मोड

अविनाश अरुण धावरे हे मराठी सिनेमॅटोग्राफर आणि दिग्दर्शक. शिक्षण पुण्याच्या एफटीआयआयमध्ये. सिनेमॅटोग्राफर म्हणजे नुसता कॅमेरा चालवणारा नाही. फ्रेममध्ये काय दिसेल आणि काय अंधारात राहील, हे दिग्दर्शकाबरोबर तो ठरवतो. आपल्या फोनमध्ये हे काम ऑटो मोड करतो, तेही न विचारता!

२०१५च्या पावसाळ्यात त्यांनी शूट केलेले तीन सिनेमे ३५ दिवसांत थिएटरला लागले : २६ जूनला 'किल्ला', २४ जुलैला 'मसान' आणि ३१ जुलैला 'दृश्यम'. 'किल्ला'चं दिग्दर्शनही त्यांचंच. आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेल्या चिन्मयची ही गोष्ट. ढगाळ, ओला उजेड त्यांनी तसाच ठेवलाय, उगाच चकचकीत केलेला नाही. या सिनेमाला २०१४मध्ये बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्युरीचा क्रिस्टल बेअर मिळाला, नंतर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. 'मसान'मध्ये बनारसचे घाट आणि चितांचा उजेड आहे. 'दृश्यम'मध्ये मात्र कॅमेरा जाणवतच नाही. थ्रिलरला तेच हवं असतं, असं मला वाटतं.

२०२०मध्ये 'पाताल लोक' ही वेब सिरीज त्यांनी प्रोसित रॉय यांच्यासोबत दिग्दर्शित केली. 'थ्री ऑफ अस'साठी ते पुन्हा कोकणात गेले. दिग्दर्शन आणि कॅमेरा दोन्ही त्यांचं. त्याच सिनेमॅटोग्राफीला २०२४चं फिल्मफेअर मिळालं.

आता फोनकडे येऊ. आमच्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर मी संध्याकाळी बरेचदा व्हिडिओ काढतो. अरुंद रस्ता अंधारलेला आणि दुकानांच्या पाट्या लख्ख. ऑटो मोड साधारण पूर्ण फ्रेमची सरासरी काढून ती मध्यम उजेडावर आणायला बघतो. त्यामुळे अंधार उजळतो, त्यात दाणे दिसतात आणि पाटीवरची अक्षरं पांढरी फटक होतात. चालताना एखादं झगमगतं दुकान फ्रेममध्ये आलं की सगळा व्हिडिओ एकदम काळवंडतो.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर पाटीवर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये एक्स्पोजर लॉक होतं. मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा, अक्षरं वाचता येईपर्यंत. मागची गल्ली काळी पडेल, पडू द्या. माणसाचा चेहरा हवा असेल तर त्याला दुकानाच्या उजेडात उभं करा. ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले, तर प्रो मोडमध्ये शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्या तालात बसलं की पट्टे बहुतेक वेळा जातात.