उच्च प्राथमिक शाळा : पट व गुणवत्ता (महाराष्ट्र)

प्राथमिक आणि माध्यमिक या टप्प्यांच्या मधल्या इयत्तांचे शिक्षण देणारी, शासनाने अथवा जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका या स्थानिक स्वराज्य संस्थांनी चालविलेली निःशुल्क शाळा. महाराष्ट्रात प्रदीर्घ काळ पाचवी ते सातवी या इयत्तांना ही संज्ञा होती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आल्यावर सहावी ते आठवी अशी तिची कायदेशीर मर्यादा ठरली. परंतु आठवीचा वर्ग पूर्वापार माध्यमिक विद्यालयांस जोडलेला असल्यामुळे अनेक गावची शाळा त्यानंतरही सातवीशीच थांबली. शाळेच्या पटावर कोण आहे आणि तेथील विद्यार्थ्यांची प्रगती किती, या दोन गोष्टी शिक्षण खात्याच्या दप्तरात निरनिराळ्या रकान्यांत नोंदविल्या जात असल्या, तरी पहिलीचा उलगडा झाल्यावाचून दुसरीचा अर्थ लागत नाही.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर शिक्षणाचे दोन मार्ग फुटत. ज्यांना फी देण्याची ऐपत होती व ज्यांच्या गावी इंग्रजी शाळा होती, ती मुले इंग्रजी पहिलीत जात. उरलेल्यांपैकी जी शाळेत टिकत, ती मराठी सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेस बसत आणि उत्तीर्ण झाल्यास प्राथमिक शिक्षकाच्या किंवा खालच्या दर्जाच्या सरकारी नोकरीस पात्र ठरत. म्हणजे निकाल लागण्यापूर्वीच, परीक्षेस कोणी बसावे याची निवड परिस्थितीने केलेली असे. रयतेने भरलेल्या साऱ्याचा लाभ वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणास अधिक आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणास अल्प मिळतो, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात मांडली आणि किमान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये, तर कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. स्वतंत्र भारतात ८६ व्या घटनादुरुस्तीने (२००२) सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला.

पट : जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याची जन्मतारीख, जात, धर्म व मातृभाषा नोंदविली जाते आणि त्यावरून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग इत्यादी प्रवर्गांची संख्या निघते. सहावी ते आठवीसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण असून, ३० सप्टेंबरच्या पटावरून होणाऱ्या संचमान्यतेवर शिक्षकांची पदे अवलंबून राहत आल्यामुळे पट फुगविण्याचा मोह ही जुनी प्रशासकीय अडचण आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर करण्यात आलेल्या पटपडताळणीत बनावट पटाची प्रकरणे मोठ्या संख्येने उघडकीस आली. २०१५ पासून ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली.

खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा प्रसार झाल्यापासून ज्या कुटुंबांना शुल्क परवडते, ती सार्वजनिक शाळेतून निघून जातात. त्यातही मुलाला खाजगी व मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालण्याचा कल असल्याने तेथील पटावर मुलींचा वाटा तुलनेने अधिक दिसतो. गडचिरोलीतील गोंडी, मेळघाटातील कोरकू व नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या मुलांना पाठ्यपुस्तकाची मराठी ही घराबाहेरची भाषा असते. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, ऊसतोड मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत; मुले गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची तजवीज करण्यात आली, तरी जी मुले आईवडिलांबरोबर जातात, त्यांचे नाव पटावर राहून दुसऱ्या सत्राची हजेरी मात्र बुडते.

मूल्यमापन : २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती सुरू झाली; तीत वर्षभर चालणारे आकारिक आणि सत्राअखेरचे संकलित असे दोन भाग असून निष्कर्ष श्रेणीत दिला जातो. आठवीपर्यंत कोणासही अनुत्तीर्ण न करण्याची मूळ तरतूद २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने शिथिल झाली आणि पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेचा मार्ग मोकळा झाला. शाळेच्या स्वतःच्या श्रेणींखेरीज बाह्य मापनेही होतात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने २०१७ व २०२१ मध्ये इतर इयत्तांबरोबर आठवीचीही नमुना-चाचणी घेतली व तिचे निष्कर्ष लिंग, सामाजिक प्रवर्ग आणि ग्रामीण-शहरी विभागणीनुसार प्रसिद्ध केले. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून मुलांची पाहणी शाळेत न करता घरी जाऊन करतो, त्यामुळे गैरहजर व शाळाबाह्य मुलेही तीत येतात. २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या सुमारे ७३ टक्के विद्यार्थ्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला, तर भागाकार सुमारे ४४ टक्क्यांनाच जमला.

निष्कर्षांचे वाचन : शिष्यवृत्ती परीक्षेतील यशावरून शाळांचा क्रम लावण्याची प्रथा लोकप्रिय असली, तरी त्या परीक्षेस पटावरील सर्व मुले बसतातच असे नाही, कोणास बसवावयाचे हे बहुधा शिक्षक व पालक ठरवितात, आणि निवडक दहांचे यश हे चाळीसांच्या वर्गाचे मोजमाप होऊ शकत नाही. उलटपक्षी, स्थलांतरित वा अन्यभाषी मुलांना दाखल करून घेऊन टिकविणाऱ्या शाळेची सरासरी खाली येते आणि अशा मुलांना वाटेला लावणाऱ्या शाळेची वर चढते. म्हणून शाळेची गुणवत्ता ठरविताना अंतिम श्रेणीपेक्षा, पाचवी-सहावीत दाखल झालेल्या त्याच मुलांनी पुढील इयत्तांत किती मजल मारली, त्यांतील किती जण शेवटपर्यंत पटावर व प्रत्यक्ष हजर राहिले आणि प्रवर्गांमधील तफावत वाढली की घटली, ही तीन मापे एकत्र पाहणे अधिक ग्राह्य ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने सहावी ते आठवी हा तीन वर्षांचा स्वतंत्र स्तर मानला असल्याने ही तुलना शक्य आहे; मात्र सातवीनंतर गाव बदलून आठवीस जाणाऱ्या मुलाची नोंद जोवर एका शाळेच्या दाखल्यावरून दुसरीच्या रजिस्टरात अखंड पोहोचत नाही, तोवर ती निम्म्या वाटेवरच थांबते.