वऱ्हाडातील नैसर्गिक शीतलन : परतवाडा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बाहेरील हवा पुरेशी थंड असताना तिच्याच साह्याने इमारत गार ठेवणे आणि तेवढा काळ वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर बंद ठेवून वीज वाचविणे, यास ‘फ्री कूलिंग’ म्हणतात. विलिस कॅरियर यांनी 1902 मध्ये अमेरिकेत आधुनिक वातानुकूलनाचा पाया घातला. त्यापूर्वी वऱ्हाडात उन्हाळ्यावर मात करण्याची साधने तीन होती : उंची, पाणी व रात्र. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

उंची

परतवाडा ही मूळची एलिचपूरची लष्करी छावणी. हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सन यांनी 1823 मध्ये चिखलदरा इंग्रजांच्या नजरेस आणून दिल्याचे सांगितले जाते. परतवाड्याहून हे ठिकाण सातशे मीटरांहून अधिक उंच आहे. पुढे ते अधिकाऱ्यांचे उन्हाळी विश्रामस्थान झाले. मात्र हा गारवा मोजक्यांच्याच वाट्यास आला.

पाणी

दारास वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी शिंपडण्याची पद्धत मोगलकाळापासून ज्ञात होती. इंग्रजांच्या बंगल्यांतही ती रूढ झाली व पाणी मारण्यास नोकर ठेवले गेले. आजचा कूलर याच तत्त्वावर चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. परंतु पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय निष्प्रभ ठरतो आणि उन्हाळ्यात तर पाण्याचीच टंचाई असते.

रात्र

सर्वसामान्यांचा आधार म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या भिंतींतून दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास बराच वेळ लागे. सकाळी दारे-खिडक्या लावून घेत, रात्री त्या उघडून अंगणात बाजा टाकीत. अमरावती भागात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान सुमारे 42, तर किमान सुमारे 27 अंश असते. हा फरकच या पद्धतीचे भांडवल होय.

निष्कर्ष

या तिन्हींपैकी रात्रीचा गारवा सर्वांना सुलभ व बिनपाण्याचा आहे. तथापि कार्यालये व महाविद्यालये नेमकी सायंकाळी बंद होतात. तापलेला स्लॅब रात्रभर आतच उष्णता सोडतो आणि सकाळी ती विजेने बाहेर काढावी लागते. सुरक्षित जाळीची झडपे व साधे पंखे यांद्वारे रात्रीची हवा आत खेळविल्यास हा भार हलका होऊ शकतो. जुन्या घरांचे वेळेचे भान नव्या इमारतींनी स्वीकारणे म्हणूनच अगत्याचे आहे.